स्वमग्न मूल आणि पाण्याची रांग
रांजणगाव औद्योगिक वसाहतीजवळील कारेगावी (ता. शिरूर) कामानिमित्त बाहेरगावची कुटुंबेही येतात. अशा गजबजलेल्या गावच्या शाळेत पाण्याच्या रांगेत कोणी मध्येच घुसले, तर काय करावे हे इतर मुले पाहून शिकतात. स्वमग्न मूल मात्र गोंधळते, ओरडते व हट्टी ठरते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये स्वमग्नतेचा समावेश आहे. तो हट्ट नव्हे.

मूल शांत असताना शिक्षकाने चित्रांच्या साहाय्याने विचारावे : काय झाले? काय काय करता येईल? त्याचा परिणाम काय? त्यांतील बरा उपाय कोणता? मग एका समंजस सोबत्यासह तोच प्रसंग नळापाशी वारंवार करून घ्यावा. मूल बोलत नसल्यास त्याने बोटाने दाखविलेले चित्र हेच उत्तर मानावे. रांग मोडणाऱ्यासही शिस्त लावावी. अडचण एकट्या स्वमग्न मुलाची नसते.