गावाच्या मालकीचे निसर्गनिवास : एक अभ्यास

यवतमाळ जिल्ह्याचे नाव निघाले की बाहेरच्या माणसाला कापूस आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्या या दोनच गोष्टी आठवतात. परंतु याच जिल्ह्यात, नागपूर-हैदराबाद महामार्गावरील पांढरकवड्याजवळ, टिपेश्वर अभयारण्य आहे. सुमारे १४८ चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य १९९७ साली घोषित झाले. तेथे आज दूरदूरचे लोक वाघ पाहायला येतात. ते राहतात, जेवतात, जिप्सी करतात. त्यांनी खर्च केलेल्या पैशातून जंगलाच्या काठावरील गोंड, कोलाम, परधान, बौद्ध, बंजारा व कुणबी कुटुंबांच्या वाट्याला काय येते, आणि ते वाढवायचे असेल तर गावाने काय करावे, हा या पाठाचा विषय आहे.

जंगलाजवळ राहण्याची किंमत

जंगल जपण्याची खरी किंमत शेजारचे गाव मोजते. रानडुकरे आणि रोही एका रात्रीत उभे पीक आडवे करतात. त्यामुळे शेतकऱ्याला थंडीच्या दिवसांतही जागल करावी लागते. गुरे मारली जातात आणि कधी माणूसही जातो. पांढरकवडा-राळेगाव भागात १३ माणसांच्या मृत्यूशी जिचा संबंध जोडला गेला, ती टी-१ ऊर्फ अवनी वाघीण २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीजवळ मारली गेली. देशभर त्यावर वाद झाला. मात्र त्या दोन वर्षांत कापूस वेचायला जाणाऱ्या मजूर बायांच्या मनातील भीतीची चर्चा त्या मानाने कमीच झाली.

दुसरी बाजूही पाहावी. टिपेश्वरमध्ये जन्मलेला एक तरुण वाघ २०१९ मध्ये निघाला आणि तेलंगणाची हद्द ओलांडून, सुमारे ३००० किलोमीटर फिरून, बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याच्या गळ्यातील रेडिओ पट्ट्यामुळे ही वाट कळली. या वाटेवर शेते होती, नाले होते, रस्ते होते. याचा अर्थ असा की वाघ केवळ अभयारण्याच्या कुंपणात जगत नाही. गावकऱ्यांच्या सहनशीलतेवर जगतो. ज्याने सहन करायचे त्याला मोबदल्यात काही मिळू नये, हे न्यायाला धरून नाही.

आफ्रिकेतील तीन उदाहरणे

हा प्रश्न आफ्रिकेतील ग्रामीण भागांनी आपल्या आधी हाताळला. तेथील तीन उदाहरणे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावीत.

पहिले उदाहरण केनियातील इल न्ग्वेसी. लायकिपिया भागातील मासाई पशुपालकांनी आपल्या सामाईक जमिनीवर १९९६ मध्ये एक निवास सुरू केला. लाकूड, गवत, दगड असे स्थानिक साहित्य वापरले. मालकी समूहाची ठेवली आणि कामावरही आपलीच माणसे घेतली.

दुसरे उदाहरण नामिबियाचे. तेथे १९९६ च्या कायदादुरुस्तीने सामाईक जमिनीवरील रहिवाशांना संघटित होऊन वन्यजीवांपासून उत्पन्न मिळविण्याचा हक्क दिला. अशा संघटनांना तेथे कॉन्झर्व्हन्सी म्हणतात आणि आज त्यांची संख्या ऐंशीच्या वर आहे. तोरा येथील लोकांनी खाजगी कंपनीशी करार केला. निवास कंपनीने चालवायचा, गावाला उत्पन्नाचा ठरलेला वाटा द्यायचा आणि स्थानिक तरुणांना प्रशिक्षण देऊन कामावर घ्यायचे, अशी ती व्यवस्था होती.

तिसरे उदाहरण झिम्बाब्वेचे. १९८९ च्या सुमारास तेथे कॅम्पफायर नावाची योजना सुरू झाली. कल्पना उत्तम होती, परंतु अधिकार गावाऐवजी जिल्हा परिषदांसारख्या संस्थांकडे गेले. अनेक ठिकाणी पैसा वरच अडकला आणि हत्तीने ज्याचे शेत तुडवले त्याच्या हाती फारसे काही पडले नाही. पैसा कोठे जमा होतो आणि तो कोणाच्या सहीने निघतो, हे योजनेच्या नावापेक्षा महत्त्वाचे आहे, हा धडा यातून मिळतो.

महाराष्ट्रातील आधार

आपल्याकडे कायद्याचा आधार अगदीच नाही असे नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक वनसंपत्तीचा हक्क दिला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर असा हक्क मिळाला. तेथे निर्णय बहुमताने न घेता सर्वांच्या सहमतीने घेतात आणि निर्णयाआधी अभ्यासगटात विषय समजून घेतात. पुढे बांबूच्या विक्रीचे उत्पन्न हाती आले, तेव्हा ही जुनी सवयच कामी आली. अभयारण्ये व व्याघ्र प्रकल्पांच्या लगतच्या गावांसाठी २०१५ पासून डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना आहे. ती ग्राम परिस्थितिकीय विकास समितीमार्फत राबविली जाते. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील पुरुषवाडी या आदिवासी गावात तर पाहुणे गावकऱ्यांच्या घरीच राहतात व जेवतात. काजव्यांच्या दिवसांत तेथे शहरी लोकांची गर्दी होते. मोठी इमारत नसली तरी गावाला पाहुणचारातून उत्पन्न मिळू शकते, हे यावरून दिसते.

हिशोब आधी, बांधकाम नंतर

अनेक चांगल्या योजना हिशोबाअभावी बुडतात. म्हणून केवळ समजण्यासाठी एक नमुना पाहू. यातील आकडे कल्पित आहेत. प्रत्येक गावाने आपले आकडे घालावेत.

समजा, गावाने चार खोल्या बांधल्या. पावसाळ्यात सफारी बंद असते, म्हणून वर्षाच्या कामाच्या रात्री २४० धरू. चार खोल्यांच्या ९६० रात्री झाल्या. त्यांपैकी ३० टक्के भरल्या तर २८८ रात्री. जेवणासह भाडे १५०० रुपये धरले तर जमा ४,३२,००० रुपये. आता खर्च पाहा. प्रत्येक रात्रीमागे जेवण व धुलाईचे ५०० रुपये म्हणजे १,४४,००० रुपये. दोन कामगारांना महिना ८००० प्रमाणे बारा महिन्यांचे १,९२,००० रुपये. दुरुस्ती ३०,००० आणि वीज-पाणी २४,००० रुपये. एकूण खर्च ३,९०,००० रुपये. शिल्लक अवघी ४२,००० रुपये.

आता हेच बांधकाम आठ लाखांचे कर्ज काढून केले असते आणि व्याज दहा टक्के असते, तर पहिल्या वर्षाचे व्याजच ८०,००० रुपये झाले असते. म्हणजे गाव तोट्यात. याउलट निम्म्या रात्री भरल्या तर जमा ७,२०,००० व खर्च ४,८६,००० होऊन २,३४,००० रुपये उरतात. यातून दोन गोष्टी शिकाव्यात : सुरुवात लहान करावी, आणि सावकाराच्या वा बँकेच्या पैशावर मोठी इमारत उभी करू नये. कर्जाचा फास काय असतो हे या जिल्ह्याला सांगायला नको.

प्रकल्प चालविण्याची सूत्रे

१) मालकी ग्रामसभेची असावी. संस्था सहकारी असो वा अन्य, तिच्या नियमांत हे स्पष्ट लिहावे. गावाबाहेर वेगळ्या पोडावर राहणाऱ्या कोलाम कुटुंबाचा आणि भूमिहीन मजुराचा प्रतिनिधी समितीत असलाच पाहिजे. सभेची वेळ त्यांची मजुरी बुडणार नाही अशी ठेवावी.

२) स्वयंपाकाचे काम महिला बचत गटाकडे द्यावे व त्याचे पैसे थेट गटाच्या खात्यात जमा करावेत. ज्वारीची भाकर, झुणका, आंबाडीची भाजी, वांग्याचे भरीत हेच जेवण ठेवावे. धान्य-भाजी गावातूनच घेतली तर पाहुण्याचा पैसा गावात दोनदा फिरतो. कोणाच्या हातचे जेवायचे आणि कोणाच्या नाही, हा भेद स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेरच राहिला पाहिजे. पाहुण्याला तो मान्य नसेल तर त्याने दुसरीकडे जावे.

३) शेतीचे वेळापत्रक पाहून कामाची विभागणी करावी. कापूस वेचणीचा आणि पर्यटकांचा हंगाम एकाच वेळी येतो. माणसे आळीपाळीने लावली नाहीत तर शेत व निवास दोन्हीकडे ओढाताण होते.

४) नफ्याची वाटणी आधीच लिहून ठेवावी. एक भाग दुरुस्तीला, एक भाग शिक्षणाला, आणि एक भाग पीक किंवा जनावर गमावलेल्या कुटुंबाला तातडीची मदत म्हणून द्यावा. शासनाची भरपाई मिळण्यासाठी अर्ज व पंचनामा करून देण्याचे कामही समितीने करावे.

५) जमाखर्च दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावा व सभेत मोठ्याने वाचून दाखवावा. ज्याला वाचता येत नाही, त्यालाही हिशोब कळला पाहिजे.

६) बांधकामापूर्वी जमिनीच्या अकृषिक वापराचे व अभयारण्यालगतच्या भागाचे नियम तपासावेत. परदेशी पाहुणा आल्यास त्याची माहिती २४ तासांत ठरलेल्या नमुन्यात कळवावी लागते. पाणी, शौचालय आणि कचरा यांची सोय खोल्यांच्या आधी करावी.

७) सारी मदार पर्यटनावर ठेवू नये. २०२० मध्ये कोरोनाच्या टाळेबंदीत जगभरचे निवास एका दिवसात ओस पडले. ज्यांनी शेती, गुरे व वनोपज सोडले नव्हते, त्यांची चूल पेटती राहिली.

समारोप

पर्यटन येणारच आहे. प्रश्न एवढाच की आपल्या मुलांनी त्यात बाहेरच्या मालकाकडे केवळ झाडू मारावा व गाडी धुवावी, की हिशोबाची वहीही हाती घ्यावी. दुसरी वाट कष्टाची आहे. त्यासाठी वाणिज्य शिकलेला एक, जंगल जाणणारा एक आणि सर्वांना एकत्र बसवू शकणारा एक, असे तीन तरुण प्रत्येक गावात हवेत. असे तरुण आपल्या गावांत आहेत. त्यांना हेरून कामाला लावणे हे आपण वडीलधाऱ्यांचे काम आहे.

विद्यार्थ्यांसाठी प्रश्न

१. नामिबिया व झिम्बाब्वे येथील व्यवस्थांत मुख्य फरक कोणता?
२. वरील नमुन्यात ४० टक्के रात्री भरल्या तर शिल्लक किती राहील?
३. तुमच्या गावात असा प्रकल्प करायचा तर समितीत कोण कोण असावे, व का?