'माइ' कोणतं?

प्रश्न : सहा महिने चिनी शिकतोय. लिपी जमतेय, पण बोललो की बाई हसतात. परवा 'विकत घ्यायचंय' म्हणालो, त्यांना 'विकायचंय' ऐकू आलं. काय करू?

उत्तर : हसू येणारच! दोन्ही शब्द 'माइ'च. सूर खाली बुडून वर आला तर घेणं, वरून धाडकन पडला तर विकणं. शब्द सुरासकटच पाठ करा. रोमन अक्षरांवर मात्र विसंबू नका. तिथला 'बी' म्हणजे आपला 'प', आणि 'पी' म्हणजे ओठ मिटून काढलेला 'फ'. म्हणून राजधानी 'पेइचिंग'. 'झेड' तर चक्क 'चाक'मधला 'च' (हिंदीवाल्यांना तो कुठला!). उच्चार वहीत देवनागरीतच लिहा, डोक्यावर सुराची रेघ ओढा.