बोरिवलीचे नाव धारण करणारी सफेद मुसळी

मृगाचा पाऊस स्थिरावला की बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या बाजारांत फोडशीच्या जुड्या येतात. दिसायला कांद्याच्या पातीसारखी. क्लोरोफायटम गटातील ज्या रानवनस्पतींची पाने फोडशी किंवा कुलू म्हणून खाल्ली जातात, त्याच गटात औषधी सफेद मुसळी मोडते. तिचे शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिविलियानम. फादर सांतापाव व आर. आर. फर्नांडिस यांनी १९५० च्या दशकात तिचे वर्णन केले आणि बोरिवलीचे नाव तिला कायमचे चिकटले.

ओळखताना घाई करू नये. पाने जमिनीलगतच्या एकाच बुडख्यातून निघून चहूकडे पसरतात. जुलै-ऑगस्टमध्ये मधून एक सरळ, बहुधा बिनफांदीचा दांडा येतो. त्यावर सहा पाकळ्यांची पांढरी फुले व पिवळे पुंकेसर असतात. बोंड तीनधारी, बी कांद्याच्या बियांसारखे काळे. पण खरी खूण जमिनीखाली आहे. हिच्या मांसल मुळ्या बुडख्याच्या चकतीला थेट चिकटून झुपक्याने वाढतात. क्लोरोफायटम ट्यूबरोसम या भावंडात त्या दोऱ्यासारख्या मुळांच्या टोकाला लोंबतात. काळी मुसळी तर वेगळीच. तिची फुले पिवळी आणि जमिनीलगत येतात.

उकरल्यावर मुळ्यांच्या झुपक्याऐवजी कांद्यासारखा गड्डा निघाला, तर ती वनस्पती मुसळीही नव्हे आणि फोडशीही नव्हे. रानकांदा असाच फसवतो आणि तो विषारी आहे. त्याची फुले उन्हाळ्यात, पानांच्या आधी येतात. म्हणून पावसाळ्यात नुसत्या पानांवरून खात्री धरू नये. जाणत्या माणसाने ओळखल्याशिवाय भाजी शिजवू नये.

मुसळीचे वर्ष चार महिन्यांचे. पहिल्या पावसाने कोंब फुटतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात पाने पिवळी पडून गळतात. पुढे ती जमिनीखाली झोपून राहते, त्यामुळे उन्हाळ्याचा ताप सहज सोसते. पण बुडखा उपटला की सारे संपले. रानातले बी फार कमी उगवते, म्हणून उपटलेल्या रोपाची जागा लवकर भरून येत नाही. स्वतःच्या बांधावरची फोडशी विळ्याने बुडख्याच्या वर कापावी, उपटू नये. काही रोपे फुलण्यासाठी राखावीत. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून तर काहीच काढू नये. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे.

मुळ्यांना आयुर्वेदात बल्य म्हणून मागणी आहे. ती रानावर न टाकता शेतातून भागवावी, हेच शहाणपणाचे. मात्र २००० च्या सुमारास मोठ्या नफ्याच्या जाहिरातींनी अनेकांना महागडे बेणे घ्यायला लावले आणि माल तयार झाल्यावर गिऱ्हाईक मिळाले नाही. खरेदीदार आधी, लागवड नंतर. पहिल्या वर्षी एक गुंठा पुरे. ३० × १५ सेंटिमीटर अंतराने त्यात, पाण्याच्या सऱ्या सोडून, २,००० पेक्षा कमीच बेणे लागते.

आपल्याकडच्या पावसात गादीवाफे उंच हवेत, पाणी साचले की मुळ्या कुजतात. चांगले कुजलेले शेणखत मिसळून पावसाच्या तोंडावर लागवड करावी. प्रत्येक मुळीला चकतीचा डोळ्यासह तुकडा हवाच. शिकत असताना मी जाडजूड मुळ्या निवडून, चकती काढून लावल्या होत्या. एकही उगवली नाही. बेणे घेताना मुळीच्या जाडीपेक्षा डोळा पाहावा.

पाने गळल्यावर लगेच खणू नये. मुळ्यांची साल गडद तपकिरी होईपर्यंत त्या जमिनीत राहू द्याव्यात. विक्रीच्या मुळ्या सोलून, धुऊन वाळवतात. पुढच्या हंगामाचे बेणे चकतीसह, न सोलता, थंड सावलीत कोरड्या वाळूच्या थरांत ठेवावे. पंधरा दिवसांनी एकदा चाळून पाहावे आणि मऊ पडलेली मुळी लगेच बाजूला काढावी.