दोन सरकारे आणि रोजगार हमी



दिल्लीचे सरकार म्हणजे मालक आणि मुंबईचे सरकार त्याचे मुकादम, असे पुष्कळांना वाटते. तुमच्या वह्यांतही मी असे वाचले आहे. पण घटनेत तसे नाही. घटनेच्या सातव्या अनुसूचीने दोघांना कामे वाटून दिली आहेत. त्यासाठी तीन याद्या केल्या आहेत.

1) संघसूची : हे विषय केंद्र सरकारचे. नगरच्या लष्करातले रणगाडे, दौंड-मनमाड रेल्वे, टपाल, चलनी नोटा.

2) राज्यसूची : हे विषय राज्याचे. पोलीस, शेती, सरकारी दवाखाने, ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषद.

3) समवर्ती सूची : इथे दोघांनाही कायदा करता येतो. शिक्षण आधी राज्याकडे होते, ते 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने या सूचीत आले. रोजगार हा विषयही इथलाच. दोघांच्या कायद्यांत विरोध आला, तर सामान्यतः केंद्राचा कायदा टिकतो.

मग राज्याच्या हाती उरले काय? याचे उत्तर आपल्या दुष्काळी भागाला चांगले ठाऊक आहे.

1972 साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, जनावरे छावणीला गेली. 1973 च्या उन्हाळ्यात राज्यात सुमारे 50 लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. कुणी खडी फोडली, कुणी पाझर तलावाची माती वाहिली. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, मिलो आणि सुकडी म्हणजे काय ते सांगतील.

त्याच सुमारास महाराष्ट्राने ठरवले की, मागेल त्याला काम द्यायचे. ही कल्पना वि. स. पागे यांची. ते विधान परिषदेचे सभापती होते. पैसा कुठून आणायचा? 1975 मध्ये राज्याने व्यवसाय कर बसवला. पगारदार आणि व्यापारी यांच्याकडून जेवढा कर येईल, तेवढीच भर सरकारने घालायची, असे ठरले. 1977 मध्ये कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. काम मागणे हा खेड्यातल्या माणसाचा हक्क झाला.

पुढे 2005 मध्ये संसदेने साऱ्या देशासाठी असाच कायदा केला. वर्षाला कुटुंबामागे 100 दिवस काम. 2 फेब्रुवारी 2006 ला पहिल्या 200 जिल्ह्यांत तो सुरू झाला, त्यांत आपला जिल्हा (तेव्हाचा अहमदनगर) होता. म्हणजे राज्याने वाट पाडली आणि केंद्र त्या वाटेने आले. 100 दिवसांपुढच्या कामाची हमी महाराष्ट्राने स्वतःच्या पैशातून चालू ठेवली.

आता दुसरी बाजू पाहू. 2005 च्या कायद्यात अंगमेहनतीची सगळी मजुरी केंद्र देई. दिल्लीहून पैसे यायला उशीर झाला की मजूर ताटकळत बसे. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने नवा कायदा मंजूर केला. त्यात 125 दिवसांची हमी आहे, पण बहुतेक राज्यांत खर्चाची वाटणी केंद्र 60 टक्के आणि राज्य 40 टक्के अशी आहे. दिवस वाढले आणि राज्याचा भारही वाढला. पैसा कुणी किती द्यायचा आणि नियम कुणी ठरवायचे, यावरच केंद्र-राज्यांची खरी ओढाताण चालते.

मला वाटते, आपण एवढे ध्यानात ठेवावे : नुसती यादी पाहून सत्ता कुणाची ते कळत नाही. तिजोरीची किल्ली कुणाकडे आहे, तेही पाहावे लागते. आणि हे कळले, तरच गाऱ्हाणे नेमके कुणाच्या दारी न्यायचे ते कळते. नाहीतर हा म्हणतो त्याच्याकडं जा, तो म्हणतो ह्याच्याकडं जा!

स्वाध्याय

1) आपल्या गावातली दहा सरकारी कामे लिहा. कोणते काम कोणत्या सूचीतले, ते सांगा.
2) गावात रोजगार हमीतून झालेला बांध, तलाव किंवा रस्ता शोधा. तो कोणत्या साली झाला, ते ग्रामपंचायतीत विचारा.
3) एका कामाचा खर्च 5,000 रुपये आहे. 60 आणि 40 टक्क्यांप्रमाणे केंद्राचा वाटा किती, राज्याचा किती?