नगररचनेचे पदव्युत्तर शिक्षण

नगरपालिकेची हद्द नकाशावर आखलेली असते. पाणी, कचरा, वाहतूक आणि जमिनीचे भाव ती हद्द मानीत नाहीत. नगर व प्रादेशिक नियोजन हा विद्यापीठीय अभ्यासाचा स्वतंत्र विषय झाला, त्याच्या मुळाशी हीच वस्तुस्थिती आहे.

या शिक्षणाचा आरंभ इंग्लंडमधील लिव्हरपूल विद्यापीठात १९०९ साली झाला. मुंबई प्रांतात नगररचनेचा कायदा १९१५ साली आला आणि १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राच्या अध्यापनाची धुरा पॅट्रिक गेडिस यांच्याकडे सोपविण्यात आली. गेडिस मूळचे जीवशास्त्रज्ञ. आधी पाहणी, मग आराखडा, हा त्यांचा आग्रह. प्लेगने ग्रासलेल्या इंदुरात त्यांनी दिवाळीची भव्य मिरवणूक योजिली आणि ज्या रस्त्यांवरील घरे-अंगणे अधिक स्वच्छ, त्याच रस्त्यांनी ती जाईल असे जाहीर केले. इंदूरविषयीचा त्यांचा अहवाल १९१८ सालचा आहे.

स्वातंत्र्यानंतर दिल्लीत १९५५ साली नगर व ग्राम नियोजनाचे विद्यालय निघाले. पुण्यात सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठात हे शिक्षण मिळते. पदव्युत्तर अभ्यासक्रम सामान्यतः दोन वर्षांचा असतो. वास्तुशास्त्र आणि स्थापत्य अभियांत्रिकीच्या पदवीधरांबरोबरच भूगोल, अर्थशास्त्र व समाजशास्त्र यांतील पदव्युत्तर पदवीधरांनाही अनेक संस्थांत प्रवेश मिळतो, आणि हे योग्यच आहे. वस्ती म्हणजे केवळ बांधकाम नव्हे.

व्याख्यानांपेक्षा ‘स्टुडिओ’ला येथे अधिक महत्त्व असते. विद्यार्थ्यांचा गट एखाद्या प्रत्यक्ष गावी जातो, भूवापर नोंदवितो, कुटुंबांची पाहणी करतो, चौकात उभे राहून वाहने मोजतो. मग गणित सुरू होते. समजा, गावाची वस्ती ४०,००० आहे आणि दर दशकात ती २५ टक्क्यांनी वाढते. वीस वर्षांनी ती ६२,५०० होईल. माणशी दररोज १३५ लिटर धरल्यास पाण्याची गरज ५४ लाख लिटरवरून सुमारे ८४ लाख लिटरवर जाते. वरचे ३० लाख लिटर आणायचे कोठून? जवळच्या धरणातून म्हणावे, तर त्याच पाण्यावर खालच्या गावांची शेती उभी असते. नगराचा प्रश्न येथे प्रदेशाचा होतो, आणि चांगला अध्यापक विद्यार्थ्याला नेमका याच ठिकाणी अडवितो.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ याचा अभ्यासही अर्थातच करावा लागतो. नकाशावरील हिरवा ठिपका म्हणजे कोणाचे तरी शेत असते. आरक्षित जमीन दहा वर्षांत संपादित झाली नाही, तर मालकास खरेदीची सूचना देण्याचा अधिकार या अधिनियमाने दिला आहे. पण ही तरतूद ठाऊक असलेले मालक थोडेच. आराखड्याची भाषा गावकऱ्याला कळेल अशी लिहिण्याचे शिक्षण या अभ्यासक्रमांत अद्याप अपुरेच दिले जाते. अध्यापन बहुतांशी इंग्रजीत, हरकती मात्र मराठीत.

पंचायत सदस्यांना या विषयाचे अगत्य वाटावे, याला घटनात्मक कारणही आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जिल्हा नियोजन समितीची तरतूद केली. तिचे किमान चार-पंचमांश सदस्य जिल्हा परिषदेच्या व नगरपालिकांच्या निर्वाचित सदस्यांनी आपल्यातूनच निवडावयाचे असतात, तेही जिल्ह्यातील ग्रामीण व नागरी लोकसंख्येच्या प्रमाणात. पंचायतींच्या आणि पालिकांच्या योजना एकत्र करून जिल्ह्याच्या विकास योजनेचा मसुदा तयार करणे हे या समितीचे काम, आणि पाण्याच्या वाटपाचा प्रश्नही तिच्यापुढे येतो.