गट नंबर ५/३ आणि पाच मार्च

प्रश्न : आमच्या भागात कोळसा खाणीसाठी ज्यांची जमीन गेली, त्या शेतकऱ्यांची यादी मी काही वर्षांपूर्वी एका टायपिंगवाल्याकडून करून घेतली. वर्डची फाइल आहे. एका ओळीत नाव, त्याखाली गट नंबर, मग क्षेत्र, मग मोबाइल. नंतर एक ओळ मोकळी आणि पुढचा शेतकरी. अशी सव्वाशे कुटुंबे. आता यादी एक्सेलमध्ये हवी आहे. कॉपी-पेस्ट केले की सगळे एकाच कॉलममध्ये खाली खाली जाते, नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो आणि काही गट नंबरांच्या चक्क तारखा होतात. पुन्हा टाइप करावे काय? आणि एक्सेल विकत घेणे भागच आहे का?
– एक वाचक, माजरी (ता. भद्रावती, जि. चंद्रपूर)

उत्तर : पुन्हा टाइप करू नका. सव्वाशे मोबाइल नंबर हाताने उतरवताना कुठेतरी एक आकडा इकडचा तिकडे होतोच, आणि ती चूक पुढे कोणाला सापडत नाही. तुमची यादी मुळात शिस्तीची आहे. साफसफाई एक्सेलमध्ये नेण्याआधी, वर्डमध्येच उरकली आणि क्रम पाळला, तर एका बैठकीत काम होईल.

पहिला अडथळा फॉन्टचा. सगळा मजकूर निवडून त्याला मंगल किंवा निर्मला हा फॉन्ट देऊन बघा. मराठी मराठीच राहिली तर फाइल युनिकोडमध्ये आहे, हा परिच्छेद सोडून पुढे जा. इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसला, तर टायपिंगवाल्याने कृतीदेव, श्रीलिपी अशा जुन्या फॉन्टात काम केले आहे. या फाइलींत मराठी अक्षरे नसतातच. रोमन अक्षरे असतात, त्यांना फॉन्ट फक्त देवनागरी चेहरा देतो. कृतीदेवमध्ये जे, के, ई ही तीन रोमन अक्षरे ओळीने दाबली की पडद्यावर ‘राम’ उमटतो. त्यातली खरी गंमत विरामचिन्हांची आहे. कृतीदेवमध्ये स्वल्पविरामाच्या जागी ‘ए’ बसतो आणि अर्धविरामाच्या जागी ‘य’. अशी फाइल युनिकोड न करता स्वल्पविरामावर तोडायला गेलात, तर यादीतल्या प्रत्येक एकनाथाचे डोके पहिल्याच फटक्यात उडते. म्हणून आधी त्या नेमक्या फॉन्टच्या कन्व्हर्टरमधून मजकूर युनिकोडमध्ये आणा. नंतर रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरे डोळ्यांखालून घाला. मध्येच कुठे खरे इंग्रजी शब्द असतील तर कन्व्हर्टर त्यांनाही देवनागरी समजून त्यांचे काहीतरी विचित्र करतो, तेही तपासा.

आता चार ओळींची एक आडवी ओळ करायची. वर्डमध्ये परिच्छेदाची खूण दाखवणारे बटण असते (कंट्रोल, शिफ्ट आणि ८). ते दाबले की एरवी न दिसणारे सगळे दिसते : प्रत्येक एंटर, प्रत्येक टॅब, स्पेसचे ठिपके. मोकळ्या दिसणाऱ्या ओळीत एखादी स्पेस दडून बसली असेल तर ती इथेच काढून टाका, नाहीतर पुढचा डाव फसतो. मग ‘रिप्लेस’च्या खिडकीत ‘मोअर’ आणि त्यात ‘स्पेशल’ उघडा. तिथे परिच्छेद-खूण आणि टॅब दोन्ही मिळतात. तीन बदल, याच क्रमाने. दोन परिच्छेद-खुणा लागोपाठ असतील तिथे फाइलमध्ये कुठेच नसलेले एखादे चिन्ह टाका, समजा ‘##’. उरलेल्या एकेकट्या परिच्छेद-खुणांच्या जागी टॅब. शेवटी ‘##’च्या जागी पुन्हा परिच्छेद-खूण. आता एक शेतकरी म्हणजे एक ओळ, आणि नाव, गट, क्षेत्र, मोबाइल यांच्यामध्ये टॅब. ज्यांच्याकडे मोबाइल नाही त्यांची ओळ आखूड राहील, ते चालते. पण क्षेत्राचीच ओळ सुटली असेल तर मोबाइल नंबर क्षेत्राच्या कॉलममध्ये जाऊन बसेल. असे सगळे आधीच शोधून तिथे एक रेघ टाकून ठेवा.

कोणी सांगेल की एवढा खटाटोप कशाला, एक्सेलमधल्या ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ने स्पेसवर तोडा. ऐकू नका. आपल्याकडे नावात तीन शब्द असतात, कोणाच्या नावात ‘उर्फ’ येतो, कोणाच्या आधी ‘श्रीमती’. स्पेसवर तोडलेली मराठी नावांची यादी पुन्हा जुळवण्यापेक्षा नवी लिहिलेली बरी.

तारखांचे म्हणाल, तर पेस्ट करण्याआधीच पूर्ण शीट निवडून तिचा प्रकार ‘टेक्स्ट’ करा, मग साधा मजकूर म्हणून पेस्ट करा. एक्सेलने ५/३ बघितले की तो ते पाच मार्च समजतो आणि आत तारीख साठवतो; नंतर प्रकार बदललात तर ५/३ परत येत नाही, एक भलताच पाच आकडी नंबर येतो. वाईट म्हणजे ११२/२ सारखा नंबर तारीख होऊ शकत नाही म्हणून तसाच राहतो. अर्धा कॉलम बरोबर, अर्धा चूक, आणि वरवर पाहणाऱ्याला सगळे ठीक वाटते. या खोडीला जगभरचे शास्त्रज्ञही कंटाळले होते. मार्च आणि सप्टेंबर यांच्या इंग्रजी नावांशी जुळणारी काही मानवी जनुकांची नावे एक्सेल तारखांत बदलायचा. अखेर २०२० मध्ये नामकरण समितीने त्या जनुकांचीच नावे बदलली. अशा नावांच्या तारखा करण्याची सवय बंद करण्याची सोय मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये दिली.

तुमच्या यादीत मात्र सर्वांत जपायचा कॉलम क्षेत्राचा. कोल इंडियाच्या २०१२ च्या पुनर्वसन धोरणात दोन एकरांमागे एक नोकरी असा हिशेब आहे, आणि त्याहून कमी जमीन गेलेल्यांनी एकत्र येऊन आपल्यातल्या एकाचे नाव पुढे करण्याची सोयही आहे. दोन एकर म्हणजे ०.८१ हेक्टरला जरासे कमी. म्हणजे तुमच्याकडे दशांशाच्या दुसऱ्या घराला किंमत आहे. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असे लिहितात, उदाहरणार्थ १.२०.५०. दोन ठिपक्यांची ही संख्या एक्सेलला कळत नाही, आणि बेरजेत तो तिला गुपचूप वगळतो. उपाय सोपा आहे. १०० आरचा एक हेक्टर आणि १०० चौरस मीटरचा एक आर, म्हणून दुसरा ठिपका नुसता काढला की १.२०५० हेक्टर हे अचूक उत्तर मिळते. बाजूला ‘जनरल’ प्रकारचा नवा कॉलम घेऊन त्यात ‘सब्स्टिट्यूट’ फॉर्म्युल्याने दुसरा ठिपका काढा आणि ‘व्हॅल्यू’ने त्याची संख्या करा. हा कॉलमही ‘टेक्स्ट’ राहिला तर उत्तराऐवजी फॉर्म्युलाच छापून येईल. क्षेत्रापुढे ‘हे.’ लिहिले असेल किंवा आकडे देवनागरीत असतील, तर ते वर्डमध्येच बदलून घ्या. खात्रीची खूण अशी की संख्या सेलमध्ये उजवीकडे चिकटते, मजकूर डावीकडे. झाल्यावर ओळी मोजा, आणि क्षेत्राची बेरीज कागदावरच्या बेरजेशी ताडून पाहा. मूळ वर्ड फाइलला हात लावू नका. सगळे प्रयोग तिच्या प्रतीवर करा.

कोणत्या कार्यालयाने सीएसव्ही फाइल मागितली तर सेव्ह करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच प्रकार निवडा. नुसत्या सीएसव्हीत मराठी नावांची प्रश्नचिन्हे होतात.

एक्सेल विकत घ्यायची गरज नाही. लिब्रेऑफिसमधले कॅल्क फुकट मिळते, आणि या कामाला मला तेच बरे वाटते. साधा मजकूर पेस्ट केला की ते आधी एक खिडकी उघडून कुठला कॉलम कसा घ्यायचा ते विचारते. तिथे गट नंबर आणि मोबाइल या दोन कॉलमांना ‘टेक्स्ट’ करा आणि मगच ओके दाबा.