मक्तेदारी : पुस्तकातली आणि काष्टीच्या बाजारातली

मित्रांनो, सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर पोटात घाला. मेकॅनिकलच्या मुलीने अर्थशास्त्रावर का लिहावं, असंही कुणी विचारेल. झालं असं की, इंजिनिअरिंग इकॉनॉमिक्सच्या पेपरात मक्तेदारीवरचा प्रश्न मी चांगला लिहिला. मग परीक्षेनंतरच्या सुट्टीत आजोळी काष्टीला गेले, आणि लिहिलेलं आपल्याला समजलंच नव्हतं हे लक्षात आलं.

आधी थोडी व्याख्या

एकच विकणारा असेल तर मक्तेदारी. विकणारे अनेक, पण आपसात ठरवून एकच भाव लावत असतील तर कार्टेल. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तीन झेरॉक्सवाले एकाच दिवशी रेट वाढवतात तेव्हा आपल्याला जो संशय येतो, तोच. सिव्हिलच्या मित्रांना सिमेंटचं प्रकरण माहीत असेल. २०१२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने ११ सिमेंट कंपन्यांना ६ हजार कोटी रुपयांहून जास्त दंड ठोठावला. प्रकरण पुढे अपिलात गेलं. स्पर्धा कायदा २००२ चा, आणि कार्टेलविरुद्धची त्यातली कलमं २००९ पासून लागू झाली. त्याआधी १९६९ चा एम.आर.टी.पी. कायदा होता.

तिसरा प्रकार आपण घाईत वाचतो. विकणारे हजारो, पण घेणारा एकच. याला मोनोप्सनी म्हणतात. जोन रॉबिन्सन या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ बाईंनी १९३३ मध्ये हा शब्द रूढ केला. मला हा शब्द नीट कळला तो मामांमुळे.

शनिवारचा बाजार

काष्टी हे श्रीगोंदा तालुक्यातलं, दौंड-नगर रस्त्यावरचं गाव. शनिवारचा जनावरांचा बाजार हे त्याचं नाव. मामांना एक गाय विकायची होती म्हणून मीही गेले. मामांनी बासष्ट हजार सांगितले. एका दलालाने पन्नासने सुरुवात केली, दुसरा पंचावन्नवर थांबला. मामा हलले नाहीत. पूर्वी रुमालाखाली हात घालून बोटांवर भाव ठरायचा, शेजारच्याला कळायचं नाही, हेही त्यांनी मला तिथेच उभ्या उभ्या दाखवलं. दुपारी दावं हातात घेतलं आणि म्हणाले, "चल गं, घरी नेऊ. पुढचा शनिवार आहेच की."

त्याच घरचा ऊस मात्र शेतात उभा होता. आडसाली ऊस, तुरा आलेला, तोड लांबलेली. गव्हाची पेरणी हुकली होती. शेवटी टोळी आली तेव्हा तोडणीसाठी वर वेगळे पैसे मोजावे लागले. मी विचारलं, "मामा, तुम्ही गाईला नाही म्हणालात, मग उसाला का नाही म्हणत?" ते हसले. "अगं, गाय घरी येते. ऊस कुठं नेऊ?"

हाच माझा धडा.

आकडे काय म्हणतात?

बाजारातली सत्ता मोजायला हर्फिंडाल-हिर्शमन निर्देशांक वापरतात. प्रत्येकाच्या टक्केवारीचा वर्ग करायचा आणि बेरीज घ्यायची. दहा सारखे खरेदीदार असतील तर १०००, दोनच असतील तर ५०००. अमेरिकेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत १८०० च्या वर गेलं की बाजार फार एकवटलेला मानतात.

आता ऊस घ्या. ऊस नियंत्रण आदेश १९६६ चा. त्यात २००६ मध्ये दोन कारखान्यांत किमान १५ किलोमीटर हवाई अंतराची अट आली आणि २०११ मध्ये महाराष्ट्राने ते २५ केलं. दहा किलोमीटरने काय बिघडतं? मी गणित करून पाहिलं. सगळे कारखाने नेमके किमान अंतरावर, मधाच्या पोळ्यासारखे मांडले, तर एकाच्या वाट्याला ०.८६६ गुणिले अंतराचा वर्ग एवढं क्षेत्र येतं. १५ ला सुमारे १९५ चौरस किलोमीटर, २५ ला सुमारे ५४१. अंतर दीडपटीहून थोडं जास्त वाढलं, पण क्षेत्र पावणेतीन पटीहून मोठं झालं.

प्रत्यक्षात जुने कारखाने याहून जवळ आहेत. एकेकाळची झोनबंदी उठली आहे, म्हणजे शेतकरी कुठेही ऊस घालू शकतो. भीमा आणि घोडच्या पाण्यामुळे काष्टीच्या परिसरात एकापेक्षा जास्त कारखान्यांच्या गाड्या फिरतात. म्हणजे कागदावर मक्तेदारी नाही. तरीही मामा अडले. कारण तोडलेला ऊस ताबडतोब गाळला नाही तर वजन आणि उतारा दोन्ही घटतात, आणि टोळी व वाहन बहुधा कारखान्याच्याच हातात असतं. निर्देशांक खरेदीदार मोजतो, पण माल किती दिवस टिकतो हे मोजत नाही.

दुसरी बाजू

फक्त एकाच बाजूने लिहिणं बरोबर नाही. कारखाना वर्षातले चार-पाच महिनेच चालतो, आणि पुरेसा ऊस नसेल तर कर्जाचा हप्ता सभासदांच्याच डोक्यावर बसतो. अंतराची अट त्यासाठी आहे. उसाला केंद्र सरकारचा एफ.आर.पी. आहे, म्हणजे किमान भावाला आधार आहे. १४ दिवसांत पैसे दिले नाहीत तर १५ टक्के व्याज, हेही त्या १९६६ च्या आदेशातच आहे. शिवाय दुष्काळानंतर ऊस कमी पडला की कारखान्यांत पळवापळवी होते आणि शेतकऱ्याला विचारपूस लाभते. सत्ता कायमची कुणाचीच नसते.

याच नगर जिल्ह्यात लोणीला १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला. विकणाऱ्यांनीच खरेदीदार व्हायचं, हे मोनोप्सनीवरचं उत्तर होतं, आणि मला ते आजही हुशारीचं वाटतं. पण कारखाना आपला असला तरी तोडीची रांग आपली राहील याची खात्री नाही. ती रांग कोण लावतं, हे सभासदाला दिसलं पाहिजे.

मग उपाय काय?

मामांच्या कांद्याकडे बघा. खरिपाचा लाल कांदा टिकत नाही, म्हणून लिलावात मिळेल तो भाव घेतात. उन्हाळी गावरान कांदा चाळीत चार-पाच महिने राहतो, म्हणून त्याच लिलावातून ट्रॅक्टर परत आणायची हिंमत होते. व्यापारी तेच, शेतकरी तोच. फरक फक्त चाळीचा.

म्हणून दंड आणि कायदे हवेतच, पण सोबत विकणाऱ्याला थांबता आलं पाहिजे. आणि हे काम आपलं आहे मित्रांनो! स्वस्त आणि हवेशीर कांदाचाळ, दोन-तीन शेतकऱ्यांना मिळून परवडेल असं ऊसतोडणी यंत्र, दूध गार ठेवणारी छोटी टाकी. यातलं काहीही फायनल इयर प्रोजेक्टला घेता येईल. मी तोडणी यंत्राच्या पात्यांवर काम करायचं ठरवलं आहे. कुणाला ग्रुपमध्ये यायचं असेल तर लेडीज हॉस्टेलच्या नोटीस बोर्डवर चिठ्ठी लावा.

आणि हो, गाय पुढच्या शनिवारी साठ हजाराला गेली.